रेशमी रजईची पारख

वसई तालुक्यातील गोखिवरे हे गाव तुंगारेश्वराच्या डोंगराच्या बाजूस, वसईच्या पूर्व पट्ट्यात वसलेले आहे. तालुक्याच्या पश्चिमेस केळी, पानवेली, फुले व भाजीपाला यांच्या बागाईत वाड्या. तर पूर्वेस डोंगराच्या कुशीत पावसाळी भाताची खाचरे, अशी या भागाची जुनी वाटणी होती. कालांतराने गोखिवऱ्याच्या परिसरात कारखान्यांचे गाळे उभे राहिले. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, व २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा प्रदेश नव्या पालघर जिल्ह्यात गेला. शेती आखडली, पगारदार वाढले, कौलारू घरांच्या जागी सिमेंटची घरे आली. या बदलाबरोबर अंथरुणा-पांघरुणाचा संसारही पालटला. आजीच्या लुगड्यांची गोधडी व घाटावरून आलेली घोंगडी यांची जागा विकतच्या रजईने घेतली. आणि अलीकडे लग्नसराईत 'रेशमी रजई' मागण्याची व देण्याची हौसही दिसू लागली आहे.

हौसेला हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु या वस्तूवर कुटुंबे जो पैसा खर्च करतात, तो बहुधा भाताच्या विक्रीतून, बचत गटाच्या कर्जातून किंवा कारखान्यातील महिन्याच्या मजुरीतून आलेला असतो. घरी आलेल्या रजईत रेशमाचा एक तंतूही नसणे, हे अशा कुटुंबाचे खरेखुरे नुकसान होय. साडी फसवी निघाली, तर निदान ती डोळ्यांपुढे असते. रजईचे तसे नाही. तिचे मोल तिच्या पोटात असते व पोट शिवलेले असते. सबब गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही पारख स्वतः शिकून घ्यावी व घराघरांतील गृहिणींना ती दाखवून द्यावी, या हेतूने पुढील माहिती दिली आहे.

प्रथम हवामानाचा विचार

कोणतेही पांघरूण स्वतः ऊब निर्माण करीत नाही. ऊब शरीराची असते. पांघरुणातील तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा ती बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. म्हणून जे भरण कमी वजनात अधिक हवा धरून ठेवते, ते हलके असूनही उबदार वाटते. जुन्या रजईतील कापूस दबून गठ्ठा झाला की ती जड होते, पण ऊब देत नाही, याचे कारण हेच.

वसईच्या किनारपट्टीवर जानेवारीतील पहाटेचे तापमान सामान्यतः १६-१७ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. डोंगरालगतच्या वस्तीत ते काही दिवस याहूनही खाली जाते. मात्र दुपारी पारा पुन्हा ३० अंशांपर्यंत चढतो, आणि अशी थंडी काही आठवडेच टिकते. उलट पावसाळ्याचे चार महिने हवा ओलाव्याने जड झालेली असते. याचा अर्थ असा की, येथे हिमालयातील थंडीसाठी केलेली जाड रजई निरुपयोगी आहे. मध्यरात्री घाम येऊ नये, पहाटे हुडहुडी भरू नये व आषाढ-श्रावणात पेटीत पडून तिला कुबट वास लागू नये, अशी रजई येथे हवी.

या दृष्टीने रेशमाचा एक गुण विशेष उपयोगी आहे. रेशमाचे तंतू हवेतील व अंगावरील ओलावा शोषून घेतात व कोरड्या हवेत तो सोडूनही देतात. प्रयोगशाळेतील प्रमाण हवेत रेशीम आपल्या वजनाच्या सुमारे ११ टक्के ओलावा धरून असते. कापसाच्या बाबतीत हे प्रमाण ८ टक्क्यांच्या जवळपास, तर पॉलिएस्टरच्या बाबतीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. म्हणून पॉलिएस्टरच्या रजईत पहाटे अंग चिकट होते, आणि रेशमी रजईत तसे सहसा होत नाही. परंतु याच गुणाची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. जी वस्तू ओलावा ओढते, ती पावसाळ्यात बंद पेटीत ठेवली, तर तो ओलावा धरूनही बसते. त्याविषयी पुढे सांगितले आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे अवश्य वाटते. रेशमी रजई ही गरजेची वस्तू नव्हे. दोन जुनी सुती लुगडी मध्ये घालून हाताने घातलेली गोधडी गोखिवऱ्याच्या थंडीला पुरी पडते. ती घरी धुता येते व उन्हात वाळवता येते. रेशमी रजईला यांपैकी काहीच चालत नाही. ज्याच्या घरी हाताशी पैसा आहे, ज्याला जड पांघरूण सोसत नाही, किंवा ज्याच्या घरात वृद्ध माणसाला हलकी ऊब हवी आहे, त्याने ती जरूर घ्यावी. कर्ज काढून घेऊ नये. विक्रेते संधिवात बरा होतो, त्वचा उजळते, झोपेचे विकार जातात असेही सांगतात. त्या बोलण्याकडे लक्ष न देणेच इष्ट.

पोटात काय असते

तुतीच्या पाल्यावर वाढलेली रेशीमअळी आपल्याभोवती कोष विणते. हा कोष म्हणजे एकच अखंड तंतू असून चांगल्या कोषात त्याची लांबी हजार मीटरच्या घरात जाते. तंतूचा गाभा फायब्रॉइन नावाच्या प्रथिनाचा असतो व त्यावर सेरिसिन नावाच्या डिंकासारख्या द्रव्याचे वेष्टण असते. वजनाच्या हिशेबाने हा डिंक पाव हिश्श्याच्या आसपास भरतो. कोष गरम पाण्यात टाकला की डिंक मऊ होतो, तंतूचे टोक सापडते व धागा उलगडून काढता येतो. साड्यांसाठी लागणारे रेशीम असे काढलेले असते.

रजईत मात्र हा उलगडलेला धागा भरीत नाहीत. तेथे कामास येतात ते प्रामुख्याने जोडकोष. दोन अळ्यांनी मिळून एकच कोष विणला, म्हणजे दोन्ही तंतू एकमेकांत गुंततात व तो कोष धागा काढण्यास नालायक ठरतो. परंतु जो गुंता सूत काढणाऱ्याला अडचणीचा, तोच रजई भरणाऱ्याला सोयीचा असतो. जोडकोष साबण व धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून त्यांतील डिंक काढतात. मग पाण्यातच बोटांनी कोष उघडून, आतील मृत कोशित काढून टाकून, तो लहानशा कमानीवर टोपीसारखा ताणून बसवतात. अशा अनेक टोप्या एकावर एक चढवून वाळवतात. वाळलेला पुडका चौघेजण चार कोपऱ्यांनी धरून रजईच्या आकाराएवढा ओढतात, तेव्हा कोळ्याच्या जाळ्यासारखा एक पातळ थर तयार होतो. असे कित्येक थर एकमेकांवर पसरले की भरण झाले. चीनमधील झेजियांग प्रांतातील तोंगशियांग हे गाव या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि जपानातही ही रीत जुनी आहे. या भरणात तंतू तुटलेला नसतो. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तो सलग धावतो. त्यामुळे ते आत सरकत नाही, गोळा होत नाही व वर्षानुवर्षे सपाट राहते. लांब तंतूचे भरण ते हेच.

दुसरे भरण आखूड तंतूचे. सूत काढताना व कातताना जो तुटका, टाकाऊ रेशीमचोथा उरतो, तो यंत्रावर पिंजून त्याचा पेळूसारखा थर करतात. हेही खरे रेशीमच. पण त्यातील तंतू काही बोटे लांबीचे असतात. प्रथम हात लावताना ही रजई कदाचित अधिक फुगीर व मऊ वाटेल. दोन-तीन हिवाळ्यांत तिचे तंतू एकमेकांपासून सुटतात व भरण कोपऱ्याकडे गोळा होऊ लागते. प्रस्तुत लेखकाने स्वतः एका शहरातील प्रदर्शनात अशी रजई मोठ्या हौसेने घेतली होती. तिसऱ्या वर्षी ती उजेडापुढे धरली, तेव्हा मधोमध नुसते दोन कापड उरले होते व सारे रेशीम पायथ्याशी जमले होते. रजई खोटी नव्हती; तिची प्रत विचारली नाही, ही चूक घेणाऱ्याची. आखूड तंतूचे भरण घेऊच नये असे नाही. पण त्याला लांब तंतूची किंमत देऊ नये आणि त्यावर दाट शिलाई असल्याशिवाय ते घरी आणू नये.

तिसरे भरण रानटी रेशमाचे. विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत ऐन व अर्जुन या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवतात. तिकडे या रेशमाला कोसा म्हणतात व ढीवर समाजाकडे हे काम परंपरेने चालत आले आहे. टसरचा तंतू तुतीच्या रेशमाहून जाड, काहीसा चपटा व मधासारख्या रंगाचा असतो. त्याची रजई थोडी खरखरीत पण टिकाऊ होते. तिला शुभ्र करण्याच्या नादात तंतू कमकुवत होतात; म्हणून मधाळ रंगाचे टसर दिसले, तर ते हलके समजू नये. ऐनाची झाडे तुंगारेश्वराच्या रानातही आहेत, हे पाहून कोणी येथे टसरची स्वप्ने पाहू नयेत; त्या धंद्याचे शिक्षण पिढ्यांचे आहे.

आसामकडील एरी रेशीम हे आणखी वेगळे. एरंडाच्या पानांवर वाढणाऱ्या या अळीचा कोष एका टोकास उघडा असतो व त्यातून पतंग बाहेर पडू शकतो. तुतीच्या रेशमात कोशित जिवंतपणी उष्णतेने मारावे लागते, हे ज्यांच्या मनाला पटत नाही, त्यांना एरीचा पर्याय आहे. ते लोकरीसारखे उबदार असते. मात्र एरीचा कोष उलगडत नाही, त्याचे सूत कातावेच लागते. सबब एरीच्या रजईत लांब सलग तंतू आहे असे कोणी सांगितल्यास ते खरे मानू नये.

नावांचा घोटाळा

बाजारात सर्वाधिक फसवणूक होते ती खोटे बोलून नव्हे, तर खऱ्या शब्दांनी. 'आर्ट सिल्क' या नावातील 'आर्ट' म्हणजे कला नव्हे. ते कृत्रिम या अर्थाच्या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. म्हणजेच आर्ट सिल्क हे रेयॉन किंवा तत्सम कारखानी धाग्याचे कापड असते. 'सॅटिन' हे कापडाच्या विणीचे नाव आहे, तंतूचे नव्हे. सॅटिन कापसाचे असते, पॉलिएस्टरचेही असते. 'सिल्क टच', 'सिल्की', 'सिल्क फिनिश' या शब्दांनी केवळ स्पर्शाचे वर्णन होते. आत रेशीम असल्याचा निर्वाळा त्यात नाही. चौथा प्रकार असा की, खोळ खरोखरच रेशमी असते व आतील भरण पॉलिएस्टरचे असते. अशी वस्तू 'रेशमी रजई' म्हणून विकणाऱ्याला शब्दशः खोटा म्हणता येत नाही.

वस्तुतः व्हावयास हवे ते याच्या उलट. खोळ साध्या, घट्ट विणीच्या सुती कापडाची असली तरी चालते, किंबहुना रोजच्या वापराला तीच बरी. कारण रेशमी खोळ घसरते, तेलाचे डाग धरते व किंमत वाढवते. भरण मात्र निखळ रेशमाचे असावे. म्हणून विक्रेत्याला 'हे रेशीम आहे का?' असा प्रश्न न विचारता, 'खोळ कशाची, भरण कशाचे, भरणाचे वजन किती व तंतू लांब की आखूड?' असे चार प्रश्न वेगवेगळे विचारावेत व चारही उत्तरे पावतीवर लिहून मागावीत. जो लिहून देण्यास कांकू करतो, त्याच्या दुकानात पुढे थांबण्याचे प्रयोजन उरत नाही.

शुद्ध रेशमी मालावर लावण्यासाठी 'सिल्क मार्क' ही खूण २००४ सालापासून प्रचारात आहे. तिच्यामागे केंद्रीय रेशीम मंडळाचा आधार आहे. हे मंडळ १९४८ च्या कायद्याने स्थापन झाले. ही खूण असलेला माल घेणे अर्थातच अधिक सुरक्षित. तरीही ती चिठ्ठी खोळीसाठी आहे की भरणासाठी, एवढे विचारण्यास विसरू नये.

हाताने करावयाच्या परीक्षा

चांगल्या रजईच्या एका कडेला बहुधा लहानशी चेन किंवा उघडता येणारी शिवण ठेवलेली असते. ती याच कामासाठी असते. उघडून पाहण्याचा संकोच करू नये. चेन नसल्यास दुकानदाराच्या संमतीने कडेचे दोन टाके उसवून पाहावे.

आत बोटे घालून चिमूटभर भरण हळूहळू ओढावे. लांब तंतूचे रेशीम न तुटता जाळ्यासारखे ताणत येते व सोडल्यावरही लोंबत राहते. तोडू गेल्यास बोटाला कापल्यासारखे जाणवते. आखूड तंतू चटकन सुटून हातात येतात. पॉलिएस्टर गुळगुळीत व उसळते असून दाबून सोडताच ते लगेच पूर्ववत फुगते. रंगाकडेही पाहावे. निखळ तुतीच्या रेशमाचे भरण दुधाळ पांढरे, क्वचित पिवळसर असते व त्यावर शांत चकाकी असते. पांढरेशुभ्र, निळसर झाक मारणारे भरण पाहून खूश होण्याऐवजी सावध व्हावे. भरणात तपकिरी ठिपके फार असतील, तर कोशिताचे अवशेष नीट काढलेले नाहीत असे समजावे. वास घ्यावा. किंचित प्राणिज वास चालतो. माशासारखा उग्र वास येत असेल, तर डिंक नीट निघालेला नाही, व त्याला कीड लवकर लागेल.

जाळून पाहण्याची परीक्षा जुनी व भरवशाची आहे. चिमूटभर तंतू चिमट्यात धरून काडी लावावी. रेशीम सावकाश, चरचरत जळते, ज्योत दूर नेताच बहुधा विझते, केस जळल्यासारखा वास येतो व मागे बोटाने चुरडता येईल अशी काळी राख उरते. कापूस व रेयॉन भरभर जळतात व कागद जळाल्याचा वास सुटतो. पॉलिएस्टर वितळते, त्याचा गोडसर औषधी वास येतो व थंड झाल्यावर टणक मणी उरतो. हा वितळलेला थेंब कातडीला चिकटून भाजतो. म्हणून ही परीक्षा मुलांच्या हाती देऊ नये, आणि खाली पाण्याची ताटली ठेवावी. मिश्र भरण असेल, तर राखेत मणीही सापडतील. त्यासाठी एकाच ठिकाणचे नव्हे, तर मधले व कोपऱ्याचेही तंतू जाळून पाहावेत.

ज्यांना अधिक खात्री हवी, त्यांनी फरशी पुसण्यासाठी मिळणाऱ्या ब्लीचच्या पाण्यात, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात, काचेच्या पेल्यात चिमूटभर भरण बुडवून ठेवावे. रेशीम हळूहळू विरून दिसेनासे होते. टसर विरण्यास अधिक वेळ लागतो. कापूस, रेयॉन व पॉलिएस्टर तसेच राहतात. लोकरही विरते, पण रजईत पॉलिएस्टरऐवजी लोकर घालून कोणी फसवील, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. हा प्रयोग मोकळ्या हवेत करावा व त्या पाण्यात संडास साफ करण्याचे आम्ल चुकूनही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

वजनाचा हिशेब

भरणाचे वजन हा सौद्याचा खरा पाया आहे, आणि नेमका तोच आकडा मोघम ठेवला जातो. एकेरी रजई साधारण १५० सेंटिमीटर रुंद व २१० सेंटिमीटर लांब असते. म्हणजे तिचे क्षेत्र ३.१५ चौरस मीटर. गोखिवऱ्याच्या हवामानाला दर चौरस मीटरला १०० ते १५० ग्रॅम रेशीम पुरे होते. अर्थात एकेरी रजईत ३०० ते ४५० ग्रॅम भरण असले की काम भागते. २०० बाय २३० सेंटिमीटरच्या दुहेरी रजईला, जिचे क्षेत्र ४.६ चौरस मीटर होते, ४५० ते ७०० ग्रॅम लागेल. जव्हार-मोखाड्याच्या पठारावरील आप्तांकडे भेट पाठवावयाची असल्यास दर चौरस मीटरला २०० ग्रॅमपर्यंत जावे. किलो-दीड किलोच्या एकेरी रजईचा येथे आग्रह धरणे म्हणजे घाम विकत घेणे होय.

आता दुकानातील तराजूवर पडताळा कसा घ्यावा ते पाहू. खोळीला दोन पदर असतात. तिचे सुती कापड चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचे धरल्यास ३.१५ गुणिले २ गुणिले १२० म्हणजे सुमारे ७५० ग्रॅम नुसत्या खोळीचेच भरतात. यात ४५० ग्रॅम रेशीम मिळवले की पुरी रजई सुमारे १,२०० ग्रॅमची झाली. 'यात एक किलो रेशीम आहे' असे सांगून विकलेली रजई तराजूत पावणेदोन किलोच्या जवळपास भरली पाहिजे. ती सव्वा किलोच भरली, तर विक्रेत्याने खोळीचे वजनही रेशमात मोजले आहे, हे उघड झाले. हा हिशेब पाचवी शिकलेल्या मुलीला करता येतो; तिच्याकडूनच करवून घ्यावा.

किमतीचाही असाच पडताळा घेता येतो. एक किलो रेशीम मिळण्यास चांगल्या प्रतीचे सहा ते आठ किलो कोष लागतात. कोषांचा भाव चढ-उतार होत असला, तरी किलोमागे काही शेकडा रुपयांत असतो. म्हणजे किलोभर रेशमासाठी कोषांचीच किंमत हजारांत गेली. जोडकोष स्वस्त असतात हे खरे, पण उकळणे, उघडणे, ताणणे, खोळ, शिलाई व दोन व्यापाऱ्यांचा नफा धरल्यावर 'किलोभर शुद्ध रेशमाची रजई आठशे रुपयांत' हे गणित कोठेही बसत नाही. दारावर मोटरसायकलवरून येणाऱ्या फेरीवाल्याच्या गठ्ठ्यात अशा रजया असतात. आठशेला पॉलिएस्टरची रजई ही वाजवी खरेदी असेलही. तिला पॉलिएस्टर म्हणूनच घ्यावे.

शिलाईविषयी थोडेसे. लांब तंतूच्या भरणाला दाट शिवणींची गरज नसते. हातभर अंतरावर एकेक टाका घालून भरण खोळीला बांधले, तरी ते जागचे हलत नाही. आरपार शिवणींच्या रेषांवर भरण दबते व तेथून थंडी शिरते. चारही कोपरे आतून खोळीला टाचलेले आहेत की नाहीत, हे मात्र ओढून पाहावे.

कोष उत्पादकांसाठी

हे टिपण मराठवाड्यातील किंवा पश्चिम महाराष्ट्रातील तुती लावणाऱ्या शेतकऱ्यांच्या हाती पडेल, त्यांच्यासाठी चार शब्द. पूर्वी आपले कोष घेऊन कर्नाटकातील रामनगरच्या बाजारात जावे लागे. २०१८ साली जालना येथे कोषांची बाजारपेठ सुरू झाल्यावर ती पायपीट पुष्कळशी वाचली. बाजारात नेण्यापूर्वी कोषांची निवड करताना जोडकोष, डागी कोष व पातळ कोष वेगळे काढावे लागतात. ते एकत्र राहिले, तर साऱ्या ढिगाचा भाव पडतो. वेगळे काढलेले जोडकोष काही जण कवडीमोलाने देऊन टाकतात. तसे न करता त्यांचा वेगळा ढीग करून भाव मागावा. रजईच्या भरणासाठी त्यांनाच गिऱ्हाईक आहे.

मात्र यावरून मुद्दाम जोडकोष वाढवण्याचा विचार कोणी करू नये. चांगल्या एकेरी कोषाइतका भाव त्यांना येत नाही. जोडकोष वाढतात ते पक्व अळ्या दाटीने सोडल्यामुळे. सहा फूट बाय चार फुटांच्या चंद्रिकेवर साधारण एक हजार अळ्या पुरेत. प्लॅस्टिकच्या नेत्रिका वापरीत असल्यास त्यांवरही गर्दी होऊ देऊ नये, व कोष बांधण्याच्या वेळी जागा हवेशीर ठेवावी. इतके करूनही जे थोडे जोडकोष होतात, त्यांचे भरण गावातच करता येण्याजोगे आहे. त्यास मोठे यंत्र लागत नाही. पातेले, सोडा, लाकडी कमान व चार जणींचे हात लागतात. महिला बचत गटांनी आधी एका लहान बाळदुपट्यापुरते भरण करून पाहावे. दोनशे ग्रॅम भरण सरळ, एकसारखे ओढता येऊ लागले, म्हणजे मग रजईस हात घालावा. ओढताना थर एका जागी जाड व एका जागी विरळ होणे हा पहिल्या महिन्यातील नेहमीचा दोष आहे. तो थरांची दिशा आलटून-पालटून टाकल्याने झाकला जातो.

घरी आणल्यावर

रजईवर पहिल्या दिवसापासून सुती अभ्रा चढवावा. अभ्रा काढून धुता येतो. रजई धुता येत नाही. भरण पाण्यात भिजले तर आकसते व त्याचे कवच होते. डाग पडल्यास तेवढाच भाग ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. कडक उन्हात रेशीम पिवळे पडते व ठिसूळ होते, म्हणून रजई सावलीत, वाऱ्यावर पसरावी. गोखिवऱ्यात याला योग्य काळ म्हणजे दसऱ्यानंतरचे कोरडे दिवस, व पुन्हा एकदा उन्हाळ्यात, वळीव येण्यापूर्वी.

पावसाळ्यात ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणे ही सर्वांत मोठी चूक होय. पिशवीत ओलावा कोंडतो व बुरशीचे काळे ठिपके उठतात. जुन्या सुती साडीत सैल गुंडाळून, भिंतीला न टेकवता, कपाटाच्या वरच्या खणात ठेवावी. सिमेंटच्या नव्या घरांच्या भिंती पहिली दोन वर्षे ओल सोडीत असतात, हे ध्यानात ठेवावे. रेशीम हे प्राणिज द्रव्य असल्याने त्याला कसर लागते. वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून जवळ ठेवाव्यात. गोळ्या थेट रजईवर ठेवू नयेत. पाऊस उघडलेला दिवस मिळाला की तासभर घडी मोडून वारा द्यावा व घडी नव्या रेषेवर घालावी, म्हणजे एकाच जागी तंतू मोडत नाहीत.

दहा-बारा वर्षांनी भरण दबले, तर रजई पिंजाऱ्याकडे देण्याची चूक होण्याचा संभव असतो. पिंजाऱ्याची धनुकली किंवा यंत्र कापसासाठी आहे. लांब तंतूचे रेशीम त्यात घातले की तंतू तुटून त्याचे आखूड भरण होते. म्हणजे चांगल्या रजईची हलकी रजई आपणच पैसे देऊन करवून घेतो. त्याऐवजी खोळ उसवून भरण बाहेर काढावे, सतरंजीवर पसरून चौघींनी कडेपासून हलक्या हाताने ओढून मोकळे करावे, वर शंभर-दीडशे ग्रॅमचा नवा थर टाकावा व नवी सुती खोळ शिवावी. जुनी खोळ गोधडीच्या पोटात घालण्यास उत्तम.